पाना कुणाच्या हातात?

आमच्या गटातल्या एका बाईनं बचत गटातून कर्ज काढून मुलीला सायकल घेऊन दिली. मुलगी आठवीत, शाळा तीन किलोमीटरवर. दिवाळीनंतर सायकल पंक्चर झाली आणि भिंतीला टेकवून ठेवली ती तशीच. पंक्चरपुरते पैसे नव्हते असं नाही. पण दुकान नाक्यावर, तिथे पोरं बसलेली, आणि ‘वडलांना वेळ झाला की नेतील’ असं रोज म्हटलं जायचं. दोन महिन्यांनी धाकट्या भावानं ती दुरुस्त करून आणली. त्या दिवसापासून सायकल भावाची झाली. कुणी भांडलं नाही, कुणी तसं ठरवलंही नाही. ज्यानं दुरुस्त केली त्याची ती झाली.

ही हकिकत कानावर आली तेव्हा मी स्वतःचीच सायकल घरात उघडून बसले होते, म्हणून ती जास्त लागली.

माझी सायकल म्हणजे कुणीतरी वापरून टाकलेली, स्वस्तातली घडीची सायकल. साडेतीन हजारांना घेतली. मी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली लावलेली आधीची सायकल चोरीला गेली, म्हणून रात्री पलंगाशेजारी ठेवता येईल अशी हवी होती. ही सायकल स्वस्त का, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. चाकं २० इंची. पुढच्या दातेरी चाकाला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल जेमतेम चार मीटर जाते. आपल्या नेहमीच्या मोठ्या काळ्या सायकलीवर तीच फेरी पाच मीटरच्या पुढे नेते. माझे पाय भिरभिर फिरायचे आणि शेजारून पेपरवाले आजोबा शांतपणे पुढे जायचे. मला वाटलं, आपल्यातच दम नाही. वस्तू आपल्या मापाची नसली की बायका आधी स्वतःला दोष देतात, हे मी शिबिरांमधून इतरांना सांगत असते!

दुकानात जाऊन म्हटलं, मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील बसवायचंय. उत्तर आलं, “ताई, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” कोण साहेब, हे विचारायच्या भानगडीत न पडता मी परत आले आणि पान्यांचा एक सेट विकत घेतला.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत सबलीकरणाच्या व्याख्या पाठ केल्या, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मला पस्तिशीत कळलं. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. हे माहीत नसल्यानं मी अर्धा तास ते आणखी घट्ट करत होते. फ्रीव्हील मात्र घरी निघेना. आपण पायडल मारतो तसतसं ते आवळत जातं. शेवटी दुसऱ्या एका दुकानातल्या काकांनी त्यांचा वाईस वापरू दिला. फ्रीव्हील काढायची खाच असलेली गुटी वाईसमध्ये आवळायची, तिच्यावर चाक बसवायचं आणि मोटारीचं स्टिअरिंग फिरवावं तसं अख्खं चाकच उलट फिरवायचं. ‘कट्’ असा आवाज झाला आणि ते सुटलं. जोर मी लावला, काका बघत होते. नवीन १६ दात्यांचं बसवल्यावर चेन सैल पडली, तर चाक खाचेत थोडं मागे सरकवून घेतलं. आता एका फेरीला साडेचार मीटर. अर्ध्या मीटरनं काय होतं? रोजच्या आठ किलोमीटरला करून बघा.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. ब्रेकचा दांडा माझ्या बोटांना पुरत नव्हता. त्यावर एक बारका स्क्रू असतो, तो आत पिळला की दांडा हँडलच्या जवळ येतो. ब्रेकशू आणि वायर नव्या घातल्या. कॅरिअरवर भाजीवाल्याकडचं प्लास्टिकचं क्रेट तारेनं बांधलं, त्यात फायली राहतात. दोन गोष्टी मात्र केल्या नाहीत आणि तुम्हीही करू नका. घडीच्या सांध्याजवळ भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं, आणि सीटची नळी तिच्यावरच्या खुणेपेक्षा वर काढणं. तो सांधा निघताना दर वेळी हातानं हलवून बघते.

राहिली ओढणी. मागच्या चाकाला काहीच आडोसा नव्हता. मडगार्डच्या काड्यांपासून आसापर्यंत नायलॉनची जाळी बांधली, फळांच्या दुकानातली. तेव्हा आठवलं, मोटरसायकलला मागच्या चाकावर असा आडोसा हवा, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्येच लिहिलेलं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. मागे बसलेल्या बाईचा विचार नियमानं केला. पुढे बसून पायडल मारणारीनं फळवाल्याकडे जावं!

आमच्या बैठकीत एका मैत्रिणीनं रोखठोक विचारलं, “स्वयंपाक, पाणी, धुणी, त्यात आता पंक्चरही बायकांनीच काढायचं का?” प्रश्न खरा आहे. मला स्वतःला दर वेळी हात काळे करण्याची हौस नाही. पण काम अंगावर पडणं वेगळं आणि ते येत असूनही दुसऱ्याला सांगणं वेगळं. काय बिघडलंय हे ओळखता आलं तरच दुकानात मान वर करून बोलता येतं आणि ‘साहेब’ मध्ये लागत नाहीत.

१९९१ च्या सुमारास तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथे कलेक्टर होत्या. लेडीज सायकली पुरेनात, तर बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून त्याच अनेकींना आवडल्या. यंत्र कसं वापरायचं ते त्यांनी आपल्या गरजेवरून ठरवलं. पुढे २००६ पासून बिहारमध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले, आणि मुलींना सायकली देण्याच्या योजना इतरत्रही आल्या. त्या हव्यातच. पण सायकलीसोबत तीन पाने, पंप आणि पंक्चरची डबी द्या, एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, अशी मागणी आपण संघटनांनी किती ठिकाणी केली? मी तरी आजवर कुठल्याच निवेदनात ती लिहिलेली नाही.

सध्या आमच्या ऑफिसच्या कपाटात रजिस्टरांशेजारी पान्यांची डबी आहे. महिन्यातून एका रविवारी ती निघते. मागच्या वेळी ती आठवीतली मुलगी आली होती, भावाकडून ‘तासाभरासाठी’ सायकल मागून. तिनं टायर काढलं, ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलं, रबर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी हवा गेली. चिकटवण्याआधी ट्यूब घासायची राहून गेली होती. येत्या रविवारी पुन्हा येते म्हणालीय, आणि सायकल या वेळी भावाला न विचारता आणणार आहे.