पगार किती आणि हातीं किती ?

आपल्या विरारच्या पूर्व भागांत, चंदनसारच्या वस्तींत, एखाद्या घरीं मुलास किंवा मुलीस नोकरी लागल्याचें वर्तमान आलें, म्हणजे पेढ्यांबरोबर पहिला प्रश्न येतो तो हा कीं, पगार किती ? उत्तर तत्काळ मिळतें, "वर्षाला सहा लाख." ऐकणारा मनांतल्या मनांत बारांनीं भागतो आणि महिना पन्नास हजार धरून मोकळा होतो. घरांतील मंडळीही तेंच करितात. पुढें त्याच आंकड्यावर घराचे हप्ते आणि भावंडांच्या शिक्षणाचे बेत ठरतात. आणि पहिला पगार हातीं पडला कीं सर्वांचे चेहरे उतरतात. यांत कोणाची लबाडी नसते; हिशेब अर्धाच केलेला असतो, एवढेंच.

माझ्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. मुलाच्या पगाराचा निम्मा भाग, म्हणजे 25,000 रुपये, घराच्या हप्त्यास द्यावा आणि उरलेल्या निम्म्यांत संसार चालवावा, असा वडिलांचा बेत होता. खात्यांत जमा झाले मात्र 42,600 रुपये. हप्ता टाळतां येईना. तेव्हां सारी तूट घरखर्चावर पडली आणि धाकट्या बहिणीची शिकवणी बंद करावी लागली. त्या मुलीचा यांत कोणता अपराध होता ?

ही 7,400 रुपयांची तूट आली कोठून, तें पाहूं. ज्या आंकड्यास हल्लीं पॅकेज म्हणतात, तो मालकास त्या नोकरावर होणारा एकंदर खर्च असतो. या मुलाचें मूळ वेतन महिना 25,000 होतें. त्यावर शेंकडा 12 प्रमाणें 3,000 रुपये मालकानें प्रॉव्हिडंट फंडांत भरावयाचे होते, आणि सुमारें 1,200 रुपये ग्रॅच्युइटीसाठीं बाजूस काढावयाचे होते. या दोन्ही रकमा पॅकेजांतच मोजलेल्या होत्या. म्हणून मुलाच्या नांवें मासिक वेतन निघालें तें 45,800 रुपयेच. त्यांतून त्याच्या स्वतःच्या वर्गणीचे 3,000 रुपये फंडांत गेले आणि 200 रुपये व्यवसाय कर गेला. राहिले 42,600. फेब्रुवारींत व्यवसाय कर 300 असतो, म्हणून त्या महिन्यांत आणखी शंभर कमी. प्राप्तिकर मात्र त्यास एक पैही पडला नाहीं.

प्राप्तिकराविषयीं आपल्यांत भीति फार आणि माहिती थोडी. 2025-26 या वर्षाच्या नव्या करपद्धतींत पगारदाराच्या उत्पन्नांतून प्रथम 75,000 रुपये वजा होतात. उरलेलें उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर सवलतीमुळें कर शून्य होतो. त्याहून अधिक उत्पन्न असणारास पहिल्या 4 लाखांवर कांहीं नाहीं, पुढील 4 लाखांवर शेंकडा 5, त्यापुढील 4 लाखांवर शेंकडा 10, नंतरच्या 4 लाखांवर शेंकडा 15, असा दर चढत जातो. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, वरचा दर लागला कीं तो साऱ्या उत्पन्नास लागतो. ती चुकीची आहे. जीवदानीच्या डोंगरावर वरच्या पायरीस पोहोंचलेल्या माणसासाठीं खालच्या पायऱ्या उंच होत नाहींत. कराचेंही तसेंच आहे. महिना 1,20,000 मिळविणाराचें वर्षाचें करपात्र उत्पन्न 13,65,000 होतें. सरसकट शेंकडा 15 लाविल्यास कर दोन लाखांवर जाईल. खरा हिशेब असा : 20,000, 40,000 आणि शेवटच्या 1,65,000 वर 24,750, एकूण 84,750. त्यावर शेंकडा 4 उपकर धरून 88,140. म्हणजे महिना 7,345 रुपये.

आतां दुसरी गोष्ट. कापून गेलेला प्रत्येक रुपया बुडाला, असें म्हणणें बरोबर नाहीं. फंडांतील रक्कम आपलीच आहे. ती म्हातारपणाची काठी आहे. आणि ज्या 200 रुपयांच्या व्यवसाय कराबद्दल आपण कुरकुर करितों, त्याचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणावा. 1972 च्या भयंकर दुष्काळानंतर महाराष्ट्रांत रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे हे तिचे जनक. काम मागणाऱ्या खेडुतास काम द्यावयाचें, तर पैसा हवा. त्यासाठीं शहरांतील पगारदारांनीं वांटा उचलावा, या हेतूनें 1975 सालीं हा कर बसविण्यांत आला. आपल्याच पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडे मजुरीवांचून दिवस काढणें म्हणजे काय, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्या दोनशे रुपयांचें मोल सांगावयास नको. पुढें 2005 सालीं केंद्रानें देशासाठीं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचाच अनुभव पुढें होता.

विद्यार्थी मित्रहो, 1867 सालीं विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली. नोकरीसाठीं गाडी धरणें आपल्या गांवास नवें नाहीं. गाड्यांच्या वेळा आपणांस तोंडपाठ असतात, पण वडिलांच्या किंवा आईच्या पगाराच्या चिठ्ठींतील चार ओळी वाचतां येत नाहींत. शेंकडेवारीचीं उदाहरणें आपण वर्गांत सोडवितों. तींच घरच्या चिठ्ठीवर सोडवून पाहावीं.

पालकांस विनंति एवढीच कीं, पगाराचा आंकडा मुलांपासून लपवूं नये. महिन्यांतून एक संध्याकाळ मुलांस जवळ बसवून ती चिठ्ठी त्यांजकडून वाचून घ्यावी. घरांत खरोखर किती येतें, हें ज्या मुलास ठाऊक आहे, तें नव्या वस्तूसाठीं हट्ट धरतांना थांबेल. आणि तेंच मूल उद्यां नोकरीस लागेल, तेव्हां "पगार किती ?" या प्रश्नास हातीं येणारा आंकडा सांगेल, आणि हप्ता त्याच आंकड्यावर ठरवील. मग कोणाच्या धाकट्या बहिणीची शिकवणी बंद पडणार नाहीं.