घर आपले, जमीन परक्याची!

इंटरनेटच्या पहिल्या दिवसांची आठवण काढून हळहळणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे. ही हळहळ भाबडी म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. मात्र हे अश्रू योग्य ठिकाणी ढाळले जात आहेत काय, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९९४ साली डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी अमेरिकेत संगणकाच्या पडद्यावर एक वसाहत वसवली. ‘जिओसिटीज’ या नावाने ती पुढे जगभर गाजली. कोणीही यावे, फुकट जागा घ्यावी आणि आपले पान मांडावे, अशी तिची रीत होती. तिच्या पेठा होत्या. हॉलिवुड पेठेत सिनेमाचे शौकीन, सिलिकॉन व्हॅलीत संगणकवाले, अथेन्समध्ये साहित्य-तत्त्वज्ञानाचे चाहते. आणि प्रत्येक पानाला घरासारखा क्रमांक! दारावर ‘बांधकाम चालू आहे’ अशी पाटी, आल्यागेल्यांची मोजदाद करणारा आकडा आणि पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही. रंग भडक, अक्षरे लुकलुकणारी, अभिरुची यथातथाच. पण ते पान त्या माणसाच्या हातचे होते. आज जेथे सारे जग बोलते, तेथे प्रत्येकाचे दार एकाच साच्याचे असते आणि कोणाचा आवाज कोणाच्या कानी पडावा, हे यंत्र ठरवते. हा फरक लहान नव्हे.

तो सुवर्णकाळ सर्वांचा होता, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेही ज्यांच्या घरी दूरध्वनी आणि संगणक होता अशा मूठभरांसाठी. आज खेड्यातला शेतकरीही खिशातल्या फोनवरून मराठीत लिहितो. हे भाग्य त्या काळाला लाभले नव्हते.

खरी गोष्ट निराळीच आहे. त्या वसाहतीत घर रहिवाशाचे होते, जमीन कंपनीची होती! १९९९ साली याहू कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला ती विकत घेतली आणि त्याच वर्षी रहिवाशांच्या लिखाणावर आपला हक्क सांगणाऱ्या अटी पुढे केल्या. रहिवासी खवळून उठले, तेव्हा त्या अटी बदलाव्या लागल्या. पण दहा वर्षांनी कोणाचे काही चालले नाही. एप्रिल २००९ मध्ये नोटीस निघाली आणि २६ ऑक्टोबरला कुलूप लागले. इंटरनेट अर्काइव्हने आणि ‘अर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तितकी पाने उतरवून घेतली, म्हणून त्यांतली पुष्कळशी वाचली. धनवंत कंपनीने जे मोडीत काढले, ते पदरमोड करणाऱ्यांनी जपले!

मराठीचे काय? युनिकोड रुळण्यापूर्वी वेगवेगळ्या फाँटांत लिहिलेली मराठी पाने, तो फाँट हाताशी नसेल, तर आज निरर्थक रोमन अक्षरांचा ढिगारा दिसतात. परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी किती जिव्हाळ्याने ती मांडली होती! जी उरली आहेत ती शोधून, युनिकोडमध्ये आणून जतन करणे हे राज्य मराठी विकास संस्थेचे आणि आपल्या विद्यापीठांचे कर्तव्य नव्हे काय? छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पोचलीच पाहिजे, असे बंधन आपण १९५४ च्या कायद्याने घातले. ब्रिटनने २०१३ पासून आपल्या ग्रंथालयांना संकेतस्थळेही जतन करण्याचा अधिकार दिला. आपणही तसा कायदा करावा. आणि कोणतीही कंपनी दुकान गुंडाळू लागली, तर लोकांचे लिखाण त्यांच्या हाती सुखरूप परत देण्याची सक्ती तिच्यावर असावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. मधल्या तीन शतकांत अनेक अज्ञात हातांनी ती उतरवून घेतली, म्हणूनच नाथांच्या हाती काही लागले. गेलेल्या घरासाठी रडणाऱ्यांनी आज स्वतः जे लिहिले, त्याची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवली आहे काय? नसेल, तर ती आजच करून ठेवावी!