दहा रकाने आणि एक विद्यार्थी

अमेरिकेतली हजाराहून अधिक महाविद्यालये प्रवेशासाठी ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यात अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. आपल्याकडच्या अनेक घरांत मग दहाही रकाने भरण्याची धडपड सुरू होते. चित्रकलेची इंटरमीजिएट, गांधर्व मंडळाची प्रवेशिका, होमी भाभा परीक्षा, अबॅकस, एका रविवारचे वृक्षारोपण असे जे हाती लागेल ते अर्जात जाते. गुणपत्रिकेवर प्रवेश ठरणाऱ्या व्यवस्थेत वाढलेल्या पालकांना प्रमाणपत्रांचा आधार वाटावा, हे साहजिकच आहे. तरी हा मार्ग मला घातक वाटतो. या यादीतून मुलगी हुशार आहे एवढे समजते. पण तशा हुशार मुली अर्जांच्या ढिगाऱ्यात असंख्य असतात. कोणीही न सांगता ती चार वर्षे कशामागे लागली, हे त्यात कुठेच येत नाही. एमआयटी तर स्वतःच्या अर्जात जास्तीत जास्त चारच उपक्रम मागते. थोडके पण मनापासून केलेले काम पुरते, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

अर्जातून मुलाच्या एकाच ध्यासाची सलग गोष्ट दिसावी, यावर पहिला आक्षेप असा, की अशी ‘एका सूत्राची कहाणी’ हीसुद्धा विकत मिळणारी वस्तू झाली आहे. सल्लागार अकरावीतच मुलाच्या नावाने सामाजिक संस्था काढून देतात. आक्षेप खरा आहे. २०१९ मध्ये उघड झालेल्या अमेरिकी प्रवेश घोटाळ्यात मुलांना खोटेच खेळाडू ठरवले गेले आणि सूत्रधार रिक सिंगरला पुढे साडेतीन वर्षांची कैद झाली. मात्र त्यामुळे खऱ्या कहाणीचे मोल कमी होत नाही. श्रीमंतांनाच कहाणी परवडते, असेही म्हटले जाते. पण कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांत कौटुंबिक जबाबदाऱ्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. आजारी आजोबांची रोजची शुश्रूषा, शाळा सुटल्यावर किराणा दुकानाचा हिशेब, धाकट्या भावाचा अभ्यास ही कामे तिथे नि:संकोच लिहिता येतात. आपली मुले ती लपवतात, कारण त्यांना ती ‘उपक्रम’ वाटतच नाहीत. दुसरी शंका अशी, की सतराव्या वर्षी आयुष्याचे सूत्र कुणाला सापडते? ते सापडावे अशी सक्ती नाहीच. तबला सोडून पक्षीनिरीक्षणाकडे वळलेल्या मुलाने ते का घडले हे प्रामाणिकपणे लिहिले, तर त्या वळणातही त्याचा स्वभाव दिसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. निबंधासोबत शिक्षकांची शिफारसपत्रेही जातात आणि वाचणारा दोन्ही ताडून पाहतो. आपल्याकडे अकरावी-बारावीची कितीतरी मुले ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयात नावापुरती असतात, दिवस क्लासमध्ये जातो. ज्यांनी मुलाला प्रश्न विचारताना, अडताना, पुन्हा प्रयत्न करताना पाहिलेच नाही, ते शिक्षक काय लिहिणार? कुणाबद्दलही चालतील अशी चार कौतुकाची वाक्ये. परदेशी अर्जाचा विचार करणाऱ्या पालकांनी सल्लागाराच्या शुल्काआधी हे पाहावे, की दहावीनंतर मूल ज्या वर्गात बसणार आहे, तिथे त्याला नावाने ओळखणारा एक तरी शिक्षक असेल का.