ईसीजीची थरथर आणि लिफ्टची मोटर

ईसीजी यंत्र हृदयाचा जो विद्युत संदेश टिपते, तो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरातला असतो. त्याच इमारतीतील लिफ्ट, पंप आणि वातानुकूलन यंत्रणा आता अनेक ठिकाणी वीज वाचवणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हवर चालतात. मोटरचा वेग हवा तसा ठेवण्यासाठी हे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. त्यातून उठणारा विद्युतचुंबकीय गोंगाट केबल आणि सदोष अर्थिंगमधून यंत्रापर्यंत पोहोचला, की आलेखाची रेघ थरथरते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही थरथर निदान लांबवू शकते. फिल्टरने रेघ गुळगुळीत दिसते खरी. पण ४० हर्ट्झचा फिल्टर हृदयाच्या संदेशातील बारीक खाचाही पुसून टाकतो.

खरा इलाज मोटरपाशीच आहे : शील्ड असलेली केबल, ड्राइव्हजवळ फिल्टर, चोख अर्थिंग. मात्र लिफ्टची निविदा एक विभाग काढतो, ईसीजी यंत्राची दुसरा. रुग्णालयांनी या अटी लिफ्टच्या निविदेतच घालाव्यात. काम ताब्यात घेण्याआधी लिफ्ट चालू ठेवून शेजारच्या वॉर्डात ईसीजी काढून पाहावा. वीज जरूर वाचवावी; पण तिची किंमत रुग्णाने मोजू नये.