उंबऱ्याशी आलेले पाणी



आभाळ भरून आले की आपल्या वस्तीतल्या आया-बहिणी काय करतात ते आठवा. पिठाचा डबा वरच्या फळीवर जातो, मुलांची दप्तरे खुंटीला लागतात, आणि रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रे यांची पिशवी पत्र्याखालच्या वाशाला बांधली जाते. हे त्यांना कुणी शिकवले नाही. घरात शिरलेल्या पाण्याने शिकवले.

आपला धाराशिव जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच भागात सीना नदी पात्र सोडून वाहिली. परंडा, भूम तालुक्यांत पुरात अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी एनडीआरएफची पथके आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. एकदा पाणी नाही म्हणून रडायचे, एकदा फार झाले म्हणून. असे का व्हावे?

थोडा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर सरकार त्याला अतिवृष्टी म्हणते. एवढा पाऊस ३०० चौरस फुटांच्या पत्र्यावर पडला तर सुमारे १,८०० लिटर पाणी होते. म्हणजे २०० लिटरची नऊ टिपाडे, आणि तीही एका घराच्या पत्र्यावरची!

हे पाणी जाते कुठे? आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, म्हणून पहिला पाऊस ती पिऊन टाकते. पुढे ती फुगते, भेगा बुजतात आणि नंतरचे पाणी वरून धावू लागते. गावात सिमेंटचा रस्ता, फरशी आणि पत्रे. तिथे जमिनीत मुरणे जवळजवळ नाहीच. सगळे पाणी एकदम उताराला लागते. उताराच्या टोकाला ओढा मोकळा असेल तर ते निघून जाते. तो बुजवून तिथे गाळे उभे राहिले असतील, तर ते आपल्या दारात येते.

आपल्या जिल्ह्यात याचा जुना धडा आहे. नळदुर्गचा किल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, आदिलशाहीत, तिथे बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. बांधणाऱ्यांनी पाणी अडवले, पण जादा पाण्याला वाटही ठेवली. नदी भरली की पाणी त्या वाटांनी खाली कोसळते. त्यांनाच आपण नर-मादी धबधबा म्हणतो. लोक तो पाहायला जातात, पण त्यातले शहाणपण घरी आणत नाहीत. पाणी अडवा, पण त्याची वाट आधी ठेवा.

जगातल्या मोठ्या शहरांनाही हेच करावे लागते. जपानमधील साप्पोरो शहरात एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. बर्फ म्हणजे गोठलेले पाणीच. तिथले लोक तो यंत्रांनी रस्त्यावरून उचलतात आणि ट्रकने नेऊन ठरवून ठेवलेल्या मोकळ्या जागी टाकतात. जागा आधी राखलेली असते, म्हणून शहर चालू राहते.

मुंबईने ही गोष्ट फार उशिरा मनावर घेतली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, आणि मिठी नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांनी आवळलेले. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे तेव्हा मुंबईत होती. ती रात्र ती विसरलेली नाहीत.

पूर म्हणजे केवळ संकट नव्हे, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी सांगितले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयीची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. नुसते बांध घालून पूर ढकलून देऊ नका, पाणी साठवा आणि शेतीला, विजेला कामी लावा, असा त्यांचा आग्रह होता.

आता आपल्या वस्तीकडे वळू. गावाचा उतार जिकडे, तिकडे बहुधा आपली घरे. ही जागा आपण निवडलेली नाही. त्यात दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर नवे सिमेंट ओततात, रस्ता वीतभर वर येतो आणि आपला उंबरा खाली राहतो. रस्ता झाला म्हणून आपण नारळ फोडतो, आणि पुढच्या पावसात घरातले पाणी उपसतो. जुना थर खरवडून मगच नवा टाका, आणि कडेची गटार उतार मोजून बांधा, हे काम सुरू होण्यापूर्वी सांगितले पाहिजे.

आणखी काही गोष्टी. ओढ्या-नाल्यांची सफाई मृगाच्या आधी झाली पाहिजे. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो. संडासाचे पाणी पावसाच्या गटारीत सोडू नये, कारण तुंबल्यावर तीच घाण चुलीपर्यंत येते. शिवाय ती उपसायला आपल्यातल्याच कुणाला तरी उतरवतात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मैल्याच्या गटारीत किंवा संडासाच्या टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा. पत्र्याला पन्हळ लावून पाणी टिपाडात किंवा शोषखड्ड्यात घेतले तर तेवढे पाणी रस्त्यावर कमी येते.

पाणी घरात शिरलेच, तर चिखल काढण्याआधी फोटो काढून ठेवा, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.

येत्या ग्रामसभेला घरातील बायकांनीही जावे. पाणी कुठून येते आणि कुठे अडते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पिशवी वाशाला बांधणे त्यांना चांगले जमते. ती बांधावी लागू नये म्हणून काय करायचे, तेही त्यांनीच सभेत उठून सांगावे.