पाताळपाणीचा धबधबा आणि आमचे मनाई-हुकूम

दरवर्षी आषाढ लागला की इंदूर-महूच्या परिसरात दोन गोष्टी न चुकता घडतात. चोरल नदीला पाणी येऊन पाताळपाणीचा धबधबा कोसळू लागतो, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर धबधब्यांजवळ जाण्यास मनाई करणारा हुकूम छापून येतो. पहिल्या घटनेमागे सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची हकीकत आहे. दुसरीमागे बहुधा गेल्या वर्षीचा मसुदा असतो. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. राज्य शासनाच्या सेवेत असताना असले मसुदे आम्ही स्वतः तयार केले आहेत. तेव्हा दंडप्रक्रिया संहितेचे कलम १४४ असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले. तेवढा आकडा बदलला की हुकूम तयार.

या हुकुमांनी प्राण वाचतात असे आम्हांस वाटत नाही. नदी दुथडी भरून वाहत असेल तेव्हा दोन-चार दिवस वाट बंद करणे हे शहाणपणच आहे. त्याविषयी तक्रार नाही. परंतु चार महिने सरसकट मनाई करावयाची, एक फलक रोवावयाचा, आणि दुर्घटना घडलीच तर त्या फलकाकडे बोट दाखवून मोकळे व्हावयाचे, या पद्धतीला संरक्षण म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१७ जुलै २०११ चा रविवार आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. पाताळपाणीच्या कड्यावर, नदीच्या पात्रात सहलीला बसलेल्या एका कुटुंबाभोवती पाणी अकस्मात वाढले. पाच जण एका खडकावर एकमेकांना धरून उभे राहिले आणि पाहता पाहता सुमारे तीनशे फुटांच्या कड्यावरून खाली गेले. दोघे वाचले, तिघे गेले. ते दृश्य दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर तेरा वर्षांनी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुन्हा एकाच कुटुंबातील माणसे तशीच एकमेकांना बिलगून उभी होती, आणि त्यांतील पाच गेली. दोन्ही ठिकाणांमध्ये कित्येक कोसांचे अंतर आहे, राज्ये वेगळी आहेत, पण खडक एकच आहे. या खडकावर पाणी कसे वागते हे त्या माणसांना कोणीही सांगितलेले नव्हते. आमच्या मते खरा अपराध तो आहे, आणि तो कोणत्याही कलमात बसत नाही.

येथे थोडे खडकाविषयी लिहिणे प्राप्त आहे. आपले माळव्याचे पठार म्हणजे सह्याद्रीच्याच लाव्ह्याचे उत्तरेकडील अंग. लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, काळा, टणक. माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे भाजल्या विटेसारखा तांबडा मातकट पट्टा असतो. नदी कड्यावरून कोसळते तेव्हा खालचा ठिसूळ भाग आधी झिजतो, वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो, आणि त्याच्या पायथ्याशी डोह खणला जातो. कड्याच्या टोकावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखाली पुष्कळदा पोकळी असते, हे त्याला वरून दिसत नाही. डोहाचे पाणी वरून संथ दिसते. आत मात्र कोसळणारी धार पोहणाऱ्याला पुन्हा पुन्हा खाली खेचते.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पठारावरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, म्हणून ज्येष्ठात ओढे कोरडे दिसतात. पुढे ती माती फुगते, भेगा मिटतात, आणि खाली काळा कातळ असल्यामुळे पाण्याला जिरायला जागा उरत नाही. मग जो पाऊस पडेल तो जवळजवळ सगळा नदीत येतो, आणि तत्काळ येतो. कड्यावर लख्ख ऊन असते, मागे चार-सहा कोसांवर ढग फुटलेला असतो, आणि सहलीला आलेला गृहस्थ घोटाभर पाण्यात खुर्ची टाकून बाफले खात असतो.

पूर्वी हे असे होत नसे काय? होत असे, पण त्या पात्रापर्यंत माणूस निराळ्या रीतीने पोहोचत असे. आमच्या लहानपणी खांडव्याच्या मीटरगेज गाडीने पाताळपाणीला उतरावयाचे, दाल-बाफल्यांची गोठ करावयाची आणि संध्याकाळच्या गाडीने परतावयाचे, असा क्रम होता. त्या दिवसभरात नदीचा रंग, आवाज, ढगांची दिशा ही आपोआप ध्यानात येई. आता मोटार जवळजवळ कड्याशी नेऊन उभी करतात. दार उघडले की दहा मिनिटांत माणूस पात्रात, विसाव्या मिनिटाला छायाचित्र, आणि चाळिसाव्या मिनिटाला परत. ज्या पाण्यात तो उभा राहिला ते कोठून आले, हे त्याला विचारलेत तर तो तुमच्याकडे आश्चर्याने पाहील. प्रशासन एका हाताने हा रस्ता रुंद करते, मोटारी लावण्यास मैदान करून देते, आणि दुसऱ्या हाताने त्या मैदानाच्या टोकाला मनाईचा फलक लावते.

एक अनुभव सांगतो. माळव्यातील एका जिल्ह्यात आमची नेमणूक असताना एका कुंडावर दोन मुले बुडाली. आम्ही हुकूम काढला, शिपाई बसविले. पुढच्या रविवारी आम्ही स्वतः पाहणीस गेलो, तो मुख्य वाट निर्मनुष्य, आणि पलीकडच्या शेतातून, बांध तुडवीत, दोन-अडीचशे माणसे कुंडाकडे उतरत होती. त्या बाजूने पाहऱ्याला कोणी नव्हते. आमच्या फलकाने त्यांना अधिक बिकट वाटेवर ढकलले होते, इतकेच. तेथे शेळ्या राखणारा एक म्हातारा भिलाला बसला होता. तो सर्वांना वर काढू लागला. आम्ही कारण विचारले तेव्हा त्याने पाण्याकडे हात केला. नितळ धार किंचित गढुळली होती, आणि तिच्यावरून सुक्या काटक्या आणि पळसाची पाने वाहत येत होती. पाण्याला मातीचा वास येतो आहे, असेही तो म्हणाला. आम्हांला आला नाही. वीस मिनिटांनी ते कुंड आम्हांला ओळखू आले नाही. त्या म्हाताऱ्याचे नाव आमच्या अहवालात आले नाही, रकानाच नव्हता.

यावर आमचे काही मित्र म्हणतील की, प्रशिक्षण, पहारेकरी, धोक्याचा भोंगा हे सारे खर्चाचे काम आहे, आणि तोवर बंदी बरी. खर्चाचे म्हणावे तर कड्याशेजारची फरसबंदी, कारंजी आणि छायाचित्रासाठीचे सज्जे हेही फुकट होत नाहीत. नदीच्या वरच्या अंगास एक पर्जन्यमापक, तेथील गावचा एक माणूस आणि खाली एक भोंगा, एवढ्यास कारंज्याहून अधिक लागेल असे आमचा तीस वर्षांचा अंदाजपत्रकांचा अनुभव सांगत नाही. मोटारींचे मैदान दीड-दोन किलोमीटर मागे घ्यावे. ज्याला चालवणार नाही त्याच्यासाठी बैलगाडी आहे, तिच्यावर गावातली चार घरे जगतील. भिल्ल-भिलाल्यांना या खोऱ्यांची माहिती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १८८९ साली फाशी गेलेल्या तंट्या भिल्लाचे स्थान पाताळपाणीलाच आहे, आणि गाड्या तेथे त्याच्या मानासाठी थांबत. त्याच्या जातभाईंना मात्र आम्ही कणसे भाजण्यापलीकडे काम दिले नाही.

आता थोडे आपल्याविषयी, कारण दोष केवळ कचेरीला देऊन भागणार नाही. होळकरांबरोबर आलेल्या आपल्या घराण्यांना या मातीत अडीच-पावणेतीनशे वर्षे झाली. तरी मुलांना धबधबा दाखवावयाचा तर आपण साताऱ्याला ठोसेघरला नेतो, भंडारदऱ्याला नेतो. आणि घरापासून तासाभरावरच्या तिंछा, मेहंदी कुंड, बामनिया कुंड, चिडिया भडक यांची नावे मुलांना वर्तमानपत्रातील अपघातांच्या बातम्यांतून कळतात. जानापावच्या डोंगरावर निघालेली चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि जवळच्याच चोरलचे पाणी दक्षिणेला नर्मदेत उतरते, हे आपल्या किती नातवंडांना ठाऊक आहे? सह्याद्रीचा अभिमान बाळगावा. पण त्याच लाव्ह्यावर आपण घरे बांधून राहिलो आहोत हेही विसरू नये. बंदीचा हुकूम निघाला की ‘बरे झाले, हल्लीची मुले ऐकतात कोठे’ असे म्हणणाऱ्यांत आपणच पुढे असतो. मुलांना काय ऐकवले, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून आमची सूचना आपल्या मंडळालाच आहे. येत्या श्रावणात, मनाई नसेल अशा एका रविवारी, सभासदांनी नातवंडांसह पाताळपाणीला जावे. बस महूपर्यंतच असावी. पुढचे पाच-सहा किलोमीटर पायी. वाटेत चोरलचे पात्र जेथे जेथे दिसेल तेथे थांबून पाण्याचा रंग पाहावा. गावातील एक जाणता माणूस आधी ठरवून त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी, आणि तो ‘उठा’ म्हणेल तेव्हा जेवण अर्धवट टाकून उठावे. पात्रात कोणीही बसू नये. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आम्हांस आधी कळवावे. आम्हांलाही तो आहे, आपण मागून सावकाश येऊ.