बातमीला बंदी, अफवेला मुभा

१९५६ सालच्या पूर्वार्धात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा, अशा पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. ही मंडळी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, नंतर रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची तपासणी केली. जेथे श्रोतृमंडळ होते तेथे लोकांच्या ज्ञानात जी भर पडली, ती नुसता रेडिओ असलेल्या गावांत पडली नाही, असे त्यांना आढळले.

ऐकणाऱ्याला उलट विचारण्याची सोय असली तरच ऐकण्याला अर्थ येतो, हे त्या निष्कर्षाचे मर्म होय. रेडिओने केवळ वाटप न करता श्रोत्यालाही बोलते करावे, असे ब्रेख्तने १९३२ सालीच सुचविले होते. दुसऱ्याच वर्षी जर्मनीचा रेडिओ हिटलरच्या हाती गेला. सातारा-सांगलीला मात्र ही कल्पना परकी नव्हती. सत्यशोधक जलसे आणि प्रतिसरकारच्या काळातील शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे ज्यांनी ऐकले, त्यांना फडापुढे बसून शाहिराला प्रश्न करता येत असे. परंतु १९५९ पासून देशभर नेण्यात आलेली श्रोतृमंडळांची योजना सरकारी खात्याच्या चाकोरीत पडून निष्प्राण झाली, आणि १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र आले तरी बोलणारा एकीकडे व ऐकणारा दुसरीकडे ही रचना बदलली नाही.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र काढू देण्यास सरकारला सात वर्षे लागली व स्वयंसेवी संस्थांना ती परवानगी २००६ साली मिळाली. त्या धोरणातून माण तालुक्यात म्हसवडला २००८ साली माणदेशीचे केंद्र सुरू झाले. जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीने 'येरळावाणी' उभारली. शंभर वॅटची ही केंद्रे, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरांचा. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत, असा या धोरणाचा आग्रह आहे. आणि त्याच धोरणाने या केंद्रांना बातम्या व चालू घडामोडींवरील कार्यक्रम करण्यास मनाई केली आहे! ओवी म्हणा, बियाण्याची माहिती द्या, बाळंतिणीने काय खावे ते सांगा. पण टँकरच्या खेपा कागदावर किती झाल्या आणि गावात किती आल्या, हे विचारावयाचे नाही. खाजगी एफ.एम. वाहिन्यांनाही आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्यापलीकडे मोकळीक नाही. छापील पत्राला, दूरचित्रवाणीला, खिशातील मोबाइलला जे चालते ते रेडिओला का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

या मनाईचा अर्थ जत तालुक्याकडे पाहिल्यावर कळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील लवंगा गावी, विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने बेदम मारले. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्यांची आवई मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगताच मुंबईचे कॅमेरे तालुक्यात धावले. म्हैसाळ योजनेचे पाणी आपल्यापर्यंत यावे म्हणून ही गावे वर्षानुवर्षे टाहो फोडीत होती, तेव्हा ती बातमी नव्हती. तहान सीमेच्या भांडणात रूपांतरित झाली तेव्हा तिला किंमत आली. या तालुक्यात लोकांचे म्हणून एक रेडिओ केंद्र उभारले गेले होते, आणि त्याला यांपैकी कशाचीही बातमी देण्याचा अधिकार नव्हता.

जिल्ह्याच्या वृत्तपत्रांनी ही पोकळी भरून काढावी, हे म्हणणे रास्त आहे. तथापि साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि जाहिरात यांची सूत्रे जेथे एकाच घराण्याच्या हाती असतात, तेथे पत्राने कोणाविरुद्ध लिहावे? माध्यमे ज्याला प्रसिद्धी देतात त्याला प्रतिष्ठाही बहाल करतात, असे लाझर्सफेल्ड व मर्टन यांनी १९४८ साली मांडले. त्याचा प्रत्यय घेण्यास ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. नेत्याच्या वाढदिवसाची रंगीत पुरवणी उघडावी.

स्थानिक रेडिओला बातमीची मुभा दिली तर जातीय तेढ वाढेल, अशी भीती घालण्यात येते. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एकाचा बळी गेला, आणि प्रशासनाने इंटरनेट बंद केले. तेढ रेडिओने पसरविली नव्हती. उलट इंटरनेट बंद पडल्यावर गावोगाव खरी हकीकत सांगू शकणारे साधन रेडिओच होते. मोबाइलवरील आवईला ना नाव असते ना गाव. रेडिओ केंद्राला परवाना असतो, पत्ता असतो, आणि प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन असते. खोटे बोलल्यास त्याला जाब विचारता येतो.

गावाचा आवाज म्हणजे पाटलाच्या ओसरीवरचा आवाज, असे होण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि सरकारच्या आक्षेपांपेक्षा आम्हांला त्याची अधिक चिंता वाटते. म्हणून केवळ मनाई उठविणे पुरेसे नाही. केंद्राच्या व्यवस्थापनात स्त्रिया, दलित, भूमिहीन आणि ऊसतोड मजूर यांना निश्चित जागा हवी. जतच्या पूर्व भागात तर कन्नड बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत. स्थानिक बातमीवरील बंदी रद्द करण्याची मागणी दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामसभांनी ठरावाने केंद्र सरकारकडे पाठवावी, आणि सातारा व सांगलीच्या खासदारांनी ती येत्या अधिवेशनात लोकसभेत उपस्थित करावी.